डोंगरातल्या मुक्कामाचे सामान

मीरा-भाईंदरमधल्या काशीगावच्या पूर्वेला उभी असलेली डोंगररांग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि याच उद्यानात, दक्षिणेच्या अंगाला, कान्हेरीची लेणी आहेत. डोंगरात रात्र काढायची तर बरोबर काय न्यावे, या प्रश्नाचे या परिसरातले सर्वांत जुने उत्तर त्या कातळात पाहायला मिळते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शंभरावर लेण्यांपैकी अनेकांत निजायला दगडी ओटे आहेत आणि दाराशी पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. निवारा, बिछान्याची जागा आणि पाणी ही तिन्ही जड ओझी डोंगरानेच उचलली होती. भिक्षूच्या नावावर नियमाने आठच वस्तू असत: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. गाळण्याचा नियम पाण्यातले जीव वाचवण्यासाठी होता. गडावरच्या टाक्यातले पाणी आजही फडक्यातून गाळूनच बाटलीत भरतात, कारण मात्र वेगळे आहे.

पुढे गिरिदुर्ग उभे राहिले तेव्हाही हीच सोय वाढत गेली. बहुतेक गडांवर खोदीव टाकी, एखादी गुहा किंवा देऊळ असते. राजगडावरचे पद्मावतीचे देऊळ, रतनगडाची गुहा, हरिश्चंद्रगडाची लेणी या जागांनी पिढ्यानपिढ्या वाटसरूंना आसरा दिला. सह्याद्रीत तंबू ही फार काळ गरज झालीच नाही, त्याचे कारण हे आहे. युरोप-अमेरिकेतल्या डोंगरयात्रेचा इतिहास बराचसा तंबूचा इतिहास आहे. इथला इतिहास पायताणाचा, पाठीवरच्या पिशवीचा आणि पावसापासूनच्या बचावाचा आहे.

जुन्या प्रवाशाचे सामान धनगर, वारकरी आणि शेतकरी यांच्याकडे पाहिले की कळते. मेंढीच्या लोकरीची घोंगडी अंथरायला, पांघरायला आणि खोळ करून डोक्यावरून घ्यायलाही चालते. लोकरीतल्या मेणचटपणामुळे भुरभुर पाऊस लवकर आत शिरत नाही, आणि भिजली तरी तिची ऊब पुरती जात नाही. दोष एकच, भिजल्यावर ती फार जड होते. दोन खणांची पडशी खांद्यावर टाकली की एक खण पुढे आणि एक मागे येतो, म्हणून ओझे आपोआप तोलले जाते. भातखाचरात वापरायचे बांबू आणि पानांचे इरले पाठ कोरडी ठेवते आणि हात मोकळे राहतात. दशम्या, चटणी, भाजलेले दाणे अशी शिदोरी दोन दिवस टिकते. या वस्तूंची पारख कोणी मुद्दाम करत नसे. वापरात जे टिकत नसे ते मागे पडे.

निव्वळ हौसेने गडावर मुक्कामाला जाण्याची प्रथा विसाव्या शतकात रुजली. गो. नी. दांडेकरांच्या भटकंतीने आणि लेखनाने मराठी वाचकाला गडांची ओढ लावली. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले, दुसऱ्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि त्याच १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. त्या काळात डोंगरासाठी बनवलेले सामान इथल्या दुकानांत जवळजवळ नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या वस्तू हाच मोठा आधार होता: कॅनव्हासची हॅवरसॅक, पाण्याचा पत्र्याचा बाटला, जाड ब्लँकेट आणि बूट.

निवडीचा खरा धडा याच बुटांनी दिला. लष्करी बुटाच्या तळव्याला लोखंडी खिळे असत. मातीत आणि गवतावर ते रुततात, पण बेसॉल्टच्या गुळगुळीत कातळावर लोखंड घसरते. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ चढले की पाय ठेवणेच अवघड. हिमालयासाठीच्या जाड, ताठ तळव्याच्या बुटांचीही अडचण होती: कातळात कोरलेल्या अरुंद पावठ्यांत आणि सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर पायाला खालची जमीन कळतच नाही. त्यामानाने रबरी तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट कातळ घट्ट धरत. घोट्याच्या वर येणारे ‘हंटर’ बूट आणि पुढे ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत घरोघरी पोचले ते त्यांच्या मऊ रबराच्या पकडीमुळे आणि खिशाला परवडणाऱ्या किमतीमुळे. परदेशी बनावटीचा महागडा जोड पायात असलेला माणूस ओल्या कड्यावर चाचपडतो आणि स्वस्त बूट घातलेला पुढे निघून जातो, हे दृश्य इथे नवे नाही. बूट पारखण्याची रीतही त्यातूनच ठरली. नवा जोड थेट मुक्कामाच्या वाटेवर घालायचा नाही, आधी तो रोजच्या चालण्यात मुरवायचा. उतारावर अंगठा पुढे आपटतो का, हे पाहायचे. मग ओल्या दगडावर, कमी उंचीवर, पूर्ण भार देऊन उभे राहायचे.

पाठीवरच्या पिशवीत जगभर मोठे बदल झाले. अमेरिकेत डिक केल्टी याने १९५२ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची, कंबरपट्ट्याची पिशवी बनवली. तिने भार खांद्यावरून कंबरेवर आणला. १९६७ मध्ये ग्रेग लोव याने चौकट पिशवीच्या आत घातली. सपाट, मोकळ्या वाटेवर बाहेरची चौकट उत्तम चालते, पण सह्याद्रीत ती कारवीच्या दाट झुडपात अडकते आणि नळीच्या वाटेत कातळाला घासते. आतल्या चौकटीची, अंगालगत बसणारी सॅक इथे टिकली ती यामुळे. सॅक निवडताना तिचे लिटर पाहण्याआधी पाठीची लांबी पाहावी लागते. पट्टा कंबरेच्या हाडावर बसला नाही, तर बाकी सगळ्या सोयी वाया जातात.

सॅक भरण्याची रीत पावसाने शिकवली. वरून घालायचे आच्छादन सह्याद्रीच्या जुलैत पुरे पडत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने झिरपते. म्हणून आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कोरडे कपडे आणि पांघरूण, तोंडाला पीळ देऊन गाठ. स्टोव्हवर रांधायचे दिवस होते तेव्हा रॉकेलची बाटली बाहेरच्या कप्प्यात, उभी आणि बुचावर प्लास्टिक बांधून ठेवत. ती आत कलंडली तर तांदळापासून चादरीपर्यंत सगळ्याला वास लागे आणि खिचडी टाकून द्यावी लागे. पातेले, डाळ-तांदूळ, दोर असे सामायिक सामान निघताना वाटून घेत. १९८३ मध्ये भारतात आलेल्या मॅगीने रात्रीच्या जेवणाचा वेळ आणि इंधन दोन्ही वाचवले, तरी पिठल्याची जागा तिला पुरती घेता आलेली नाही.

पांघरुणातही हवेने निवड केली. पिसांची स्लीपिंग बॅग वजनाला हलकी आणि उबदार, पण दमट हवेत पिसे ओल धरून गोळा होतात. कृत्रिम धाग्याची बॅग जड असली तरी ओलीतही ऊब राखते. गुहेच्या दगडी जमिनीवर मात्र पांघरुणापेक्षा खालची फोमची मॅट महत्त्वाची, कारण अंगातली ऊब आधी दगड शोषतो.

गिर्यारोहक हरीश कापडिया यांचे ‘ट्रेक द सह्याद्रीज’ हे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटांची माहिती एका जागी मिळू लागली. काशीगावाहून वरसावे पुलाने वसईची खाडी ओलांडली की कामणदुर्ग, टकमक, अशेरी, कोहोज हे गड अहमदाबाद महामार्गाच्या आसपास येतात. सामानाची परीक्षा घ्यायला हा पट्टा सोयीचा. अशेरीसारख्या गडावर गुहा आणि पाणी आहे. बुटाचा तळवा उचकटला किंवा सॅकचा पट्टा तुटला तर पायथ्याशी उतरून वाहन गाठता येते. संजय गांधी उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही, त्यामुळे मुक्कामाची तालीम खाडीपलीकडेच करावी लागते.

२००९ मध्ये क्रीडासाहित्य विकणारे डेकॅथलॉन भारतात आले. त्याआधीपासून बंगळूरुच्या वाइल्डक्राफ्टच्या सॅक मिळत होत्या, आणि आता तंबूही सामान्य घरात आले. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसते तो आकडा तंबूच्या चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. पण पाणी बहुधा आधी शिवणीतून येते, म्हणून नवा तंबू गच्चीवर उभारून त्यावर बादलीने पाणी ओततात आणि शिवणी आतून हाताने चाचपतात. भाड्याचा तंबू असेल तर निघण्याआधी खांब मोजतात, चेन दोनदा उघडून लावतात. खुंट्या मात्र कातळात रुतत नाहीत. गडावर उभारायचा तंबू खुंट्यांशिवाय उभा राहणारा घ्यावा लागतो आणि त्याच्या दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. त्यासाठी दोऱ्या मुळातल्यापेक्षा लांब हव्यात, म्हणून जादा सुतळीचा गुंडा बरोबर नेतात.