मेलामीन

मेलामीन : कार्बन व नायट्रोजन यांचे प्रत्येकी तीन अणू एकाआड एक गुंफलेल्या ट्रायझीन वलयावर तीन ॲमिनो गट धारण करणारे, वजनाने सुमारे ६७ टक्के नायट्रोजन असलेले विषमचक्रीय संयुग. युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनज्ञाने १८३४ मध्ये ते सिद्ध केले. हल्ली ते युरियापासून करतात. फॉर्माल्डिहाइडशी संघनन होऊन बनणारे त्याचे बहुवारिक रेझीन एकदा दृढ झाले की पुन्हा वितळत नाही, आणि म्हणूनच उपाहारगृहांतील बशांच्या व मेजांच्या चकचकीत पृष्ठांच्या रूपाने ते सर्वांच्या परिचयाचे आहे.

पुणे जिल्ह्यातील दौंड व शिरूर या तालुक्यांत, कुरकुंभ व रांजणगाव येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या असल्या तरी भीमा-घोडकाठचा बागायती मुलूख अद्याप उसाचाच असल्याने, तेथे मेलामीनपेक्षा त्याच्याच ट्रायझीन वलयाचे दुसरे अपत्य, तणनाशक ॲट्राझीन, अधिक महत्त्वाचे ठरते. ते तणांचे प्रकाशसंश्लेषण रोखते, ऊस व मका मात्र त्यास निष्प्रभ करून तगतात.

नायट्रोजनावरून प्रथिने मोजणाऱ्या केल्डाल पद्धतीस चकविण्यासाठी दुधात मेलामीन मिसळण्याचा निंद्य प्रकार २००८ मध्ये चीनमध्ये उघडकीस आला, त्यात सहा अर्भके दगावली. यूरिक अम्लाशी मिळून त्याचे मूत्रपिंडात खडे होतात.