बारीचे पाणी

पावर हाउस स्टेशनवर उतरले की रुळांच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या भिलाई दिसतात. उत्तरेला जी. ई. रोड, जवाहर मार्केटची गर्दी आणि पलीकडे कॅम्प 1, कॅम्प 2 या कारखाना उभा राहतानाच्या कामगारवस्त्या. दक्षिणेला पोलाद कारखान्याची टाउनशिप: सेक्टर, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि क्वार्टरच्या मागेपुढे थोडी मोकळी जागा. त्या जागेत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांनी जास्वंद लावली, लिंबू-पेरू लावले, दोडक्या-कारल्याचे मांडव घातले. छत्तीसगढी माणूस घरामागच्या अशा जागेला 'बारी' म्हणतो. या बारीला पाणी कुठून येते, हे विचारत मागे मागे गेले की तिचे कुळ पावसापाशी पोचते.

दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत येऊन जातो. भाठा नावाच्या मुरमाड माळावरून तो धो धो वाहतो आणि नाल्याला लागतो. उतारावर माती रचून त्याला अडवायचे, ही इथली सर्वांत जुनी युक्ती. अशा तळ्याला इथे 'तरिया' म्हणतात आणि बांधाला 'पार'. दुर्ग जिल्ह्यातले धमधा हे जुन्या गोंड राजांचे गाव 'छै आगर छै कोरी' तरियांचे म्हणून ओळखले जाते. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे 126 तळी. रतनपूरसारखी आणखीही गावे हाच आकडा सांगतात, म्हणून मी तो मोजणीचा नव्हे, अभिमानाचा आकडा मानतो. मात्र गावाची प्रतिष्ठा तळ्यांच्या संख्येवर तोलली जात होती, एवढे त्यातून नक्की कळते.

ही तळी खणणारे हात ओडांचे. आपल्याकडच्या वडारांसारखी मातीकामात मुरलेली ही जमात गाढवे घेऊन गावोगाव फिरे. दुर्गच्या परिसरात गायिली जाणारी दसमत ओडनिनीची कथा अशाच एका तळे खणणाऱ्या स्त्रीची आहे. राजाचे मन तिच्यावर जाते, पण ती वैभवाला भुलत नाही. राजांच्या नावाच्या कथा सगळीकडे असतात. माती वाहणाऱ्या बाईला नायिका करणारी कथा या भागाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, याचे मला फार मोल वाटते. तळे बांधून झाले की त्याचे लग्न लावत. मध्यभागी लाकडी खांब रोवून विधी होई, आणि तो झाल्याशिवाय त्या तळ्याचे पाणी मंगलकार्याला चालत नसे. ज्याचे लग्न गावाने लावले, त्याचा गाळ उपसणे हेही गावाचेच काम ठरले.

तळ्याखाली भात पिके हे सर्वांना ठाऊक आहे. बागेचे पाणी मात्र थोड्या आडवाटेने येई. तळे मुरत राही, त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी वर टिके. पाणी उथळ असले की ते काढायला बैल लागत नाही. देशावर नि वऱ्हाडात खोल विहिरींवर मोट चाले. तिला बैलजोडी हवी, नाडा हवा, हाकणारा हवा. इथल्या बारीत 'टेडा' पुरे. जमिनीत रोवलेल्या दुबेळक्या खांबावर एक लांब आडवे लाकूड, मागच्या टोकाला दगडाचे किंवा मातीचे वजन, पुढच्या टोकाला दोर-बादली. बादली खाली ओढताना तेवढा जोर लागतो. भरलेली बादली मागचे वजनच वर आणते. एकटी बाई किंवा वयस्कर माणूस सकाळभर पाणी ओढून पाट चालवू शके. नाईलकाठी हजारो वर्षे चाललेला शाडूफ हा याच जातीचा. छत्तीसगडात टेडा पेलला तो मुख्यतः मरार समाजाने. भाजीपाला हाच त्यांचा परंपरेचा व्यवसाय, आणि आपल्या भंडारा-गोंदियातही ते आहेत. लाल भाजी, चेच भाजी, भोपळा, केळी हे सगळे तरियात साठलेल्या पावसाने विहिरीवाटे पोसले.

या तळ्यांवर मालकी कोणाची, हे मात्र बदलत गेले. हा मुलूख मराठ्यांच्याही ताब्यात होता. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी आली, पुढे बिंबाजी भोसले 1758 पासून रतनपुरात राहिले, आणि 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड भोसल्यांकडे राहिला. त्यानंतर इंग्रजांनी मध्य प्रांतात सारा भरणाऱ्याला गावाचा मालक ठरवणारी मालगुजारी घडवली, आणि गावाबरोबर तळीही मालगुजाराच्या नावे लागली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचे 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव याच व्यवस्थेतले. 1950-51 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. रयतेच्या दृष्टीने ते न्यायाचेच होते, पण पारेवर फावडे कोणी मारायचे हा प्रश्न मात्र तेव्हापासून लोंबकळत राहिला.

तोवर पाणी साठवण्याचे मापच बदलले होते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी छत्तीसगड होरपळला. 1901 ते 1903 दरम्यान स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने या भागात मोठे जलसाठे करावेत असे सुचवले. पुढच्या काळात बालोदजवळ तांदुला आणि सुखा या प्रवाहांच्या संगमावर तांदुला धरण झाले. बारमाही नदीचे नव्हे, पावसाचेच पाणी. फक्त एका गावाऐवजी शेकडो गावांचे. ते भातासाठी होते. मग 2 फेब्रुवारी 1955 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तांदुल्याच्या पाण्याला नवा धनी आला. भर घालायला गोंदलीचा जलाशय बांधला. कालव्याने येणारे पाणी मरोद्याच्या तलावात साठवून कारखान्याला नि टाउनशिपला मिळू लागले. क्वार्टरच्या अंगणात नळ आला, नळाला पाइप लागला, आणि 1972 च्या मैत्रीबागेपासून घराघरांतल्या गुलाबांपर्यंत भिलाई हिरवी झाली.

माझ्या मते कुळाचा धागा तुटला तो इथे. पन्नास-साठ किलोमीटर दूर अडवलेला पाऊस शुद्ध होऊन जास्वंदीच्या आळ्यात पडू लागला, आणि त्याच घराच्या छतावरचा पाऊस पन्हळीतून गटारात गेला.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर हजार मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. उडून-सांडून गेलेले वजा केले तरी ऐंशी हजार हाती लागावे. अडचण साठवणीची आहे. शंभर चौरस मीटर बागेला उन्हाळ्यात रोज पाचशे लिटर तरी लागतात. हजार लिटरची काळी टाकी दोन दिवसांत रिती होते, दहा हजारांची वीस दिवसांत. म्हणूनच जुन्या लोकांनी पिंपे भरली नाहीत, जमिनीत पाणी मुरवले आणि विहिरीतून परत घेतले. जिथे विहीर किंवा बोअर आहे तिथे आजही शोषखड्डा हाच पहिला उपाय. टाकीचा खरा उपयोग पावसाळ्यातल्या उघडिपींत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ती एकाच मोसमात अनेकदा भरते, हे हिशेबात धरले तर तिची किंमत वसूल होते. आळ्यांवर पालापाचोळा अंथरला, झाडाच्या मुळाशी झिलई नसलेले भाजलेले मडके पुरून ते भरून ठेवले, तर तेच पाणी बरेच जास्त दिवस पुरते.

भिलाईत, किंवा तुमच्या गावात, क्वार्टर असो की स्वतःचे घर, मृग लागण्याआधी छत झाडून घ्या. कारखान्यांच्या शहरात छतावर धूळ बसतेच, म्हणून पहिल्या दोन सरी सोडून द्या, मग पाइप टाकीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवा. टाकीवर जाळी बांधा, नाहीतर डास होतील. आणि वस्तीजवळ एखादी जुनी तरिया उरली असेल तर तिच्यात मलबा पडू देऊ नका. ती बुजली तर आसपासच्या विहिरी आणि बोअरही खाली जातील.