रास्मुस रास्क : एक उपेक्षित भाषापंडित

१८२० साली इराणातून एक डेनिश गृहस्थ मुंबईत उतरला. तो व्यापारासाठी आला नव्हता, की धर्मप्रसारासाठीही नव्हे. पारशी धर्मग्रंथांच्या जुन्या पोथ्यांसाठी त्याने रशिया, काकेशस आणि इराण ओलांडून ही वाट तुडविली होती. त्याचे नाव रास्मुस रास्क.

डेन्मार्कच्या फ्युन बेटावरील एका खेड्यात, गरीब घरात, १७८७ साली त्याचा जन्म झाला. शाळेत बक्षीस मिळालेला जुना आइसलँडी इतिहासग्रंथ भाषांतराशी ताडून पाहत त्याने त्या भाषेचे व्याकरण स्वतःच उकलले. पुढे डेनिश विद्वत्सभेच्या स्पर्धेसाठी त्याने १८१४ साली एक निबंध सिद्ध केला; तो छापून निघाला १८१८ साली. ग्रीक-लॅटिनातील 'प' जेथे येतो, तेथे आइसलँडीत 'फ' येतो. 'त'चे तेथे 'थ' होते. 'पातेर' आणि 'फादिर' यांचे नाते असे नियमाने जुळते. शब्दांचे वरवरचे साम्य नव्हे, तर ध्वनींतील नियमबद्ध फरक हाच भाषांच्या नात्याचा पुरावा होय, हे त्याने दाखवून दिले.

परंतु निबंध डेनिश भाषेत होता, आणि ती वाचणारे किती? १८२२ साली जर्मन पंडित याकोब ग्रिमने हेच तत्त्व विस्ताराने मांडले. रास्कचे ऋण त्याने मानले. तरी जगाने त्या नियमास ग्रिमचेच नाव दिले.

मुंबईत मिळविलेल्या पोथ्यांचे फळ १८२६ साली दिसले. अवेस्ताची भाषा बनावट असल्याचा संशय काही युरोपीय पंडित घेत होते. ती खरोखर प्राचीन असून संस्कृताची अपभ्रष्ट कन्या नव्हे, तर भगिनी आहे, असे रास्कने प्रतिपादिले. त्या पोथ्या कोपनहेगनमध्ये आजही जतन केलेल्या आहेत.

पौर्वात्य भाषांचे अध्यापकपद त्याला १८३१ साली लाभले, आणि पुढल्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १८३२ रोजी, क्षयाने त्याचा अंत झाला. वय अवघे चव्वेचाळीस.

स्वभाषेत लिहिल्याने त्याची कीर्ती उणावली, हे खरे. म्हणून ती चूक ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. आइसलँडी भाषा लवकरच नामशेष होईल, या चिंतेने त्याने १८१६ साली तिच्या वाङ्मयासाठी एक संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. ती संस्था आजही चालू आहे आणि ती भाषाही जिवंत आहे. नियमावर नाव कोणाचेही असो. लहान भाषेलाही शास्त्राच्या दरबारात मोठ्या भाषेइतकेच मानाचे स्थान आहे, हे ज्याने सिद्ध केले, त्याचे कार्य व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?