पाचशे रुपयांची शिवी

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावची ग्रामसभा २८ नोव्हेंबर २०२४ रोजी भरली. सरपंच शरद आरगडे यांनी ठराव मांडला : गावात यापुढे कोणी आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. ठराव मंजूर झाला. ज्या आईच्या पोटात माणूस नऊ महिने वाढतो तिच्याच देहाचा शिवीत उद्धार होतो, तो थांबावा, एवढीच त्यामागची भूमिका. शाळकरी मुलांच्या हातात संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल नको, हेही तिथे ठरलं. पुढे थोड्याच दिवसांत दोघांनी दंड भरल्याची बातमी आली. त्यांचं भांडण शेताच्या बांधाचं होतं.

ती बातमी मी वऱ्हाडातल्या संग्रामपुरात वाचली आणि बांधापाशी थांबलो. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. तालुक्यातल्या एका गावच्या तंटामुक्ती समितीत मी काही वर्षं बसलो आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून खारपाणपट्ट्यापर्यंतच्या या मुलखात भांडणाची कारणं ठरलेली असतात : धुरा, पांदणरस्ता, नळावरचा नंबर, दुसऱ्याच्या कपाशीत शिरलेली बकरी. यातलं एकही कारण मिटण्यासारखं नसतं असं नाही. धुरा टेपने मोजता येतो, बकरीने खाल्लेल्या कपाशीची भरपाई ठरवता येते. पण दोघांपैकी एकाने दुसऱ्याची माय काढली की मोजायचं काही उरत नाही. पुढे तीन-तीन वर्षं तारखा चालतात आणि मूळ धुरा किती इंच सरकला होता हे कोणाला आठवतही नाही. म्हणून सौंदाळ्याचा ठराव मला मोलाचा वाटतो. गावाने शिवीला आवर घालावा ही सौंदाळ्यापेक्षा फार जुनी रीत आहे, आणि तिची वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. बोलून केलेली इजा, असा त्याचा अर्थ. काण्याला काणा म्हटलं आणि तो खरंच काणा असला तर तीन पण दंड. डोळे धड असलेल्याला काणा म्हटलं तर सहा. आणि काण्याला ‘काय सुंदर डोळे आहेत!’ असं म्हटलं तर बारा पण. थेट शिवीपेक्षा गोड बोलून केलेल्या निंदेला चौपट दंड लावणाऱ्या माणसाने गावातली भांडणं नक्कीच जवळून पाहिली असणार. परस्त्रीचा अपमान असेल तर दंड दुप्पट. चुकून, नशेत किंवा भान हरपून बोललं असेल तर निम्मा. मात्र वरच्या दर्जाच्या माणसाला बोललं तर दुप्पट आणि खालच्याला बोललं तर निम्मा, हेही त्यात आहे. शब्दाची जखम माणसाच्या पायरीवरून मोजायची ही खोट तिथपासून आपल्या रक्तात आहे.

या वाटेवर पुढे एक चमत्कारिक वळण लागतं. शिवीला दंड करणारी राजसत्ता स्वतःच शिवी दगडावर कोरू लागते. शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड महाराष्ट्रात जागोजागी सापडले आहेत. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं शिल्प. त्यांना गधेगाळ म्हणतात. देवळाला किंवा ब्राह्मणाला दिलेली जमीन कोणी बळकावली तर त्याच्या आईची अशी विटंबना होईल, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या परळचा शके ११०८ चा शिलालेख पाहण्यासारखा आहे. अपरादित्य राजाच्या दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवीशी येताच लेख मराठीत उतरतो. राजाला वचक हवा होता आणि तो लोकांच्या भाषेतच बसणार होता. मराठीच्या सर्वांत जुन्या लिखित वाक्यांत अशी वाक्यं आहेत, हे मान्य करायला मला अवघड जात नाही. अवघड जातं ते दुसरंच. जमीन बळकावणार पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईला. आठशे वर्षांनी धुऱ्यावर उभे राहून आम्ही तेच करतो.

त्याच शतकांत आमच्या वऱ्हाडात एक वेगळा आवाज होता. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, हे चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यात प्रभूंच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारा उद्गार आहे ‘मेला जाए’. रागावले तरी तेच आणि लाड केला तरी तेच. कोणी दाराशी आला, कोणी खायला दिलं, कोणी वाटेत आडवा आला, प्रत्येकाला हेच. शब्द मरणाचा असूनही ऐकणाऱ्याला तो प्रसादासारखा वाटे. त्यात कोणाच्या आईला हात लावलेला नाही. माझ्या आजीच्या तोंडचं ‘मेल्या’ याच घराण्यातलं, असं मला मनापासून वाटतं. ‘मेल्या, जेवून जा’ या तीन शब्दांत मरण, हुकूम आणि माया सगळंच होतं.

बायकांनी घडवलेल्या या टाकसाळीकडे आपण फार कमी लक्ष दिलं. मुडद्या, भैताडा, येडपटा, लेका. आणि ‘फोकनीच्या’! हा शब्द वऱ्हाडात लहानथोर सर्रास वापरतात. सुरुवात अस्सल शिवीसारखी, शेवटही तसाच, मधलं अक्षर बदललेलं. ऐकणाऱ्याला मूळ शब्द कळतो आणि तरी तो उच्चारला जात नाही. दुसरीकडे ‘फुकणीच्या’ म्हणतात तेव्हा तर ज्याला शिवी द्यायची त्याची आई चुलीजवळची फुंकणी ठरते. पश्चिमेकडे गेलं की ‘च्यायला’ भेटतो. ‘त्याच्या आईला’ याच्या पुढचा सगळा भाग गळून गेला. क्रियापदच नाही, मग अपमान कुठून होणार? मुंबईच्या पोरांनी बहिणीवरच्या शिवीच्या जागी ‘भेंडी’ आणली आणि ‘आईच्या गावात’ असं म्हणत आईला चक्क एक गाव देऊन टाकलं. बोलणारा तोंड उघडतो शिवीसाठी, पण मध्येच जीभ वळते. ती वळवणं ही कला आहे, आणि ती कोणत्याही ठरावाआधी शिकली गेली.

काही गावांनी बंदी न घालता शिवीला एक दिवस नेमून दिला. शिमग्याला बोंब मारायची मुभा सगळीकडेच होती. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत, वाद्यांच्या गजरात एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. वर्षभर ज्यांनी फक्त ऐकून घेतलं त्यांना एक दिवस बोलायला मिळतं. हा बार बंद व्हावा असं मला वाटत नाही. तिथे शिवी देणारी आणि घेणारी दोघी बायका आहेत, दोघी समोरासमोर आहेत आणि मध्ये ओढा आहे.

शहरांत हा प्रश्न रंगभूमीवर आला. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली आलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. माणूस जसा बोलतो तसा रंगमंचावर बोलला तर गुन्हा नाही, हे ठरलं ते बरंच झालं. सखाराम चंपाशी कसा वागतो हे कळायला त्याची भाषा ऐकावीच लागते.

कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारणं हा भारतीय दंड संहितेच्या २९४ कलमाखाली गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या २९६ कलमात आला. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण धुऱ्यावरच्या शिवीसाठी ठाण्यात जाणारा माणूस भांडण मिटवायला जात नाही, ते वाढवायला जातो. म्हणूनच १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावाच्या हाती पहिल्यांदा कामाचं हत्यार आलं. समितीकडे बेडी नव्हती. ओट्यावर अंथरलेली सतरंजी आणि ओळखीची माणसं एवढंच भांडवल. सौंदाळाही तंटामुक्तीचा पुरस्कार मिळवलेलं गाव आहे. त्यांचा ठराव एका रात्रीत उगवलेला नाही.

सौंदाळ्याच्या ठरावाआधी अडीच वर्षं, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मी हा ठराव शिव्यांच्याच इतिहासात धरतो. मराठीतल्या अनेक शिव्यांत जो शब्द येतो त्याचा मूळ अर्थ ‘विधवा’ एवढाच आहे. नवरा मेलेल्या बाईची अवस्था इतकी वाईट करून ठेवली की तिचं नुसतं नाव घेणं शिवी झालं. हेरवाडने त्या शब्दाच्या मुळाशी फावडं घातलं. सौंदाळ्यानेही विधवांना सण-समारंभात मानाने सामावून घ्यायचं ठरवलं, हे त्यांच्या शिवीबंदीइतकंच मोठं आहे.

माझी एक मागणी मात्र उरते. आईबहिणीच्या शिवीला दंड बसला, पण जातीच्या नावाची शिवी अजून सहज तोंडी येते. ती देणाऱ्याला आपण शिवी दिली असं वाटतही नाही. आई सुटली आणि तिच्या जागी एखाद्या जातीचं नाव बसलं तर ती जीभ वळली असं म्हणता येणार नाही. पुढच्या ग्रामसभेने तेही लिहावं. बदली शब्द फुंकणीचा, भेंडीचा, गावाचा असावा. जित्या माणसाचा नसावा.

आमच्या समितीत पाचशे रुपयांचा नियम नव्हता. एकदा दोन चुलतभाऊ आले. धुरा कोरला म्हणून सुरुवात, आणि मग दोघांनी एकमेकांच्या माया काढल्या. त्या दोघी जावा, एका घरात नांदलेल्या, आणि तेव्हा त्याही ओट्याखाली उभ्या होत्या. समितीतले सर्वांत वयस्कर आजोबा म्हणाले, “आता हेच भांडण पुन्हा सांग बरं. पण मायचं नाव न घेता सांग.”

थोरल्याने सुरुवात केली, “यानं ट्रॅक्टर घातला, माहा धुरा कोरला, अन्‌ मी बोलाले गेलो तं हा...” आणि तो थांबला. त्याला पुढचा शब्द सापडेना. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, पुन्हा तिथेच अडला. धाकट्याचीही तीच गत. शेवटी थोरला चिडून म्हणाला, “अन्‌ हा फोकनीचा मलेच म्हन्ते मोजून घे!”

आजोबांनी विचारलं, “मंग मोजलं का?”

दोघंही गप्प. खाली उभ्या असलेल्या धाकट्याच्या मायने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “मेल्यांनो, टेप आहे घरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेपचं एक टोक थोरल्याने धरलं आणि दुसरं धाकट्याने. धुरा नऊ इंच सरकला होता.