अजबखाना, कुरवंजी आणि कोलाज

संगणकावर कोलाज रचणारे कलावंत सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय अजबखान्यांकडे वारंवार वळताना दिसतात. नेपल्सच्या फेर्रांते इम्पेरातो याच्या १५९९ च्या ग्रंथातील चित्रात छताला टांगलेली मगर आणि भोवती शिंपले, मासे व कपाटे दिसतात. ओले वोर्म याच्या संग्रहाचे तितकेच प्रसिद्ध चित्र १६५५ चे आहे. आज ही दोन्ही चित्रे पडद्यावर कापता, उलटवता, जोडता येतात. परंतु हे नाते केवळ विचित्रतेच्या आवडीपुरते मानले, तर एक मूलभूत भेद नजरेआड होतो. अजबखान्यात वस्तू अखंड राहते. तिला कप्पा मिळतो, नामपट्टी मिळते. कोलाजमध्ये तुकडा मूळ संदर्भातून तोडला जातो आणि अर्थ सांध्यावर निर्माण होतो. या दोन व्यवहारांची गाठ कशी पडते हे तपासण्यास उपयुक्त असे एक उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. ते मात्र महाराष्ट्रात नव्हे, तंजावरला सापडते.

सरफोजी राजे (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व लगतचा थोडा प्रदेश उरला. सत्ता आक्रसत असताना संग्रह मात्र विस्तारत गेला. हवा उपसण्याचा पंप, विजेचे यंत्र, खगोलशास्त्रीय उपकरणे, मानवी सांगाड्याची हस्तिदंती प्रतिकृती, पशुपक्ष्यांची चित्रे आणि सरस्वती महालातील नाना भाषांचे ग्रंथ एकाच दरबारात नांदू लागले. १८०६ मध्ये त्यांच्या छापखान्यात इसापनीतीचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावलि’ छापले गेले. ज्या जगावर राज्य करता येत नाही ते निदान मांडून पाहावे, अशी आकांक्षा या संग्रहामागे होती असे म्हणता येईल.

या आकांक्षेचा वाङ्मयीन आविष्कार म्हणजे त्यांच्या नावावरील मराठी नाटक ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेकडे कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगरांचे वर्णन करते आणि हात पाहून भाकीत सांगते. सरफोजींच्या नाटकात ही स्त्री पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. तमिळ आकृतिबंध, मराठी भाषा आणि युरोपीय भूगोलविद्या असे तीन तुकडे येथे एकत्र आले आहेत. तरीही रचना विस्कळीत होत नाही. कारण डोंगर-देशांची नामावळी म्हणणे हा त्या पात्राचा मुळातलाच संकेत आहे. परके ज्ञान आत आले ते प्रकाराने आधीच उघडे ठेवलेल्या दारातून. केवळ वस्तूंच्या ढिगाने अजबखाना होत नाही, तसेच केवळ तुकड्यांच्या गर्दीने कोलाज होत नाही. आतील कप्पे कोणत्या परंपरेने पुरवले आहेत, हा दोहोंबाबतचा निर्णायक प्रश्न ठरतो.

या यशाला एक दुसरी बाजूही आहे. भूगोल सांगणारी स्त्री कुरव जमातीची असली, तरी तिच्या तोंडचे ज्ञान दरबाराचे आहे. ती तुकडा म्हणून उपयोगी पडते. तिची नामपट्टी मात्र दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिली जाते. पुढे संस्थानावरही असाच प्रसंग आला. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे मरण पावले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथसंग्रह टिकला व १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. परंतु ज्या मांडणीत ग्रंथ, यंत्र आणि चित्र परस्परांना अर्थ देत होते ती मांडणी उरली नाही.

कोलाजने हा विच्छेदच कलेचे तत्त्व केले. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रावर चिकटवले. हाना होख हिने महायुद्धानंतर नियतकालिकांतील छायाचित्रे कापून जर्मन समाजाचे विडंबन केले. तेथे कात्रण आपल्या काळाचे व स्थळाचे होते, म्हणून त्याचा मूळ संदर्भ प्रेक्षकाला ओळखू येई. संगणकीय कोलाजात ही ओळख क्षीण होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये स्वामित्वमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा खुल्या केल्या. हे औदार्य मोठेच. पण प्रतिमा उतरवून घेताना तिच्यासोबतची नोंद बहुधा मागेच राहते. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत जिवंत माणसे जमातींचे नमुने म्हणून मांडली होती. त्यांतील एखादा चेहरा फुलपाखरू व शिंपला यांच्यामध्ये बसवणे म्हणजे वासाहतिक कपाटाचा कप्पा पुन्हा एकदा, तोही नकळत, भरणे होय.

तथापि संगणकाच्या माध्यमातच यावर एक उपाय आहे. काम चालू असताना प्रत्येक कात्रण वेगळ्या थरावर असते आणि त्या थराला नाव देता येते. म्हणजे पूर्ण झालेले चित्र कोलाज असते, तर त्यामागची फाईल हा अजबखाना असतो. थर एकजीव केले की नामपट्ट्या पुसल्या जातात. ते जपले तर चित्राबरोबर त्याच्या उगमांचा इतिहासही प्रकट करता येतो. जोडणीचे सौंदर्य आणि उगमाचे उत्तरदायित्व यांत मग विरोध राहत नाही.

खालापूर तालुक्यातील मोहोपाड्यासारख्या गावी बसून कोलाज रचणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्याच्या भोवती पाताळगंगा आहे, कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकरी वाड्या आहेत, आणि हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनीतील कारखाना आहे, जो बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला. वोर्मच्या कपाटातील शिंपले त्याला क्षणार्धात मिळतात. कामगाराचे हजेरीकार्ड मिळवायचे तर त्या कामगाराच्या घरी जावे लागते आणि वाडीतील गाणे घ्यायचे तर गाणारीला तिचे नाव लिहू का, असे विचारावे लागते. सरफोजींच्या कुरवंजीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो विचारला गेला, तरच आपले कोलाज युरोपीय कुतूहलाची नक्कल राहणार नाही आणि त्यातील कप्पे खऱ्या अर्थाने आपले होतील.