पुढे भोंगा, मागे बॅटरी : आउटपुट व्हॉल्व्हच्या निवडीचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव लांबलचक असलं तरी प्रश्न साधा आहे. घरी ॲम्प्लिफायर बांधायचा, तोही सिंगल-एंडेड ट्रायोड, तर शेवटचा व्हॉल्व्ह कोणता घ्यायचा? शेवटचा म्हणजे स्पीकर हलवणारा, आउटपुट व्हॉल्व्ह. वर्ध्यापासून आर्वीपर्यंतची हौशी पोरं हा प्रश्न विचारतात आणि विचारतानाच उत्तरही देऊन टाकतात, "सर, 300बीच ना?" मूळ अमेरिकन कंपनीची जोडी आज लाखाच्या घरात जाते. एवढा पैसा घालण्याआधी हे व्हॉल्व्ह कोणत्या कामासाठी जन्मले ते पाहून घेतलेलं बरं. माझं म्हणणं असं, की ही निवड आजवर बहुतेक वेळा कानाने केलेलीच नाही. मागचा वीजपुरवठा आणि पुढचा स्पीकर, या दोघांनी ती केली.

सुरुवात अमेरिकेपासून करायची रीत आहे. आपण आंजीत बसलोय तर आंजीसारख्या गावापासून करू.

1948 ला आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. ते ऐकायला खेड्यात वीज कुठे होती? रेडिओ चालायचा कोरड्या बॅटरीवर. एक 90 व्होल्टची, मोठी आणि महाग, आणि दुसरी दीड व्होल्टची, फिलामेंट तापवायला. पन्नासच्या दशकातल्या अशा संचात आउटपुटला डीएल 96 असायचा. त्याच्याकडून मिळायचा जेमतेम 0.2 वॅट. हसू नका, शांत रात्री ओसरीवर बसलेल्या वीस-पंचवीस लोकांना बातम्या ऐकवायला तेवढं पुरतं.

या व्हॉल्व्हची एक गोष्ट लक्षात ठेवा. यात फिलामेंट हाच कॅथोड असतो, म्हणजे जी तार तापते तिच्यातूनच इलेक्ट्रॉन निघतात. विजेवरच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हमध्ये तापवणारी तार वेगळी आणि तिच्याभोवती कॅथोडची नळी वेगळी. ती नळी तापवायला जास्त वीज लागते. डीएल 96 च्या फिलामेंटला 1.4 व्होल्ट आणि 50 मिलीॲम्पिअर, म्हणजे वॅटचा चौदावा भाग. विजेवरच्या ईएल 84 च्या हीटरला 6.3 व्होल्टवर 0.76 ॲम्पिअर, म्हणजे पावणेपाच वॅट. बॅटरीवर हे कोण चालवणार? आज 'डायरेक्टली हीटेड' असं म्हणत ज्या रचनेची आरती केली जाते, ती आपल्या खेड्यांत बॅटरी वाचवायला आली होती. तो पेंटोड होता, ट्रायोड नव्हे, हे खरं. पण तापवण्याची रीत तीच.

आता अमेरिका. 1929 च्या सुमारास तिथल्या दिवाणखान्यातल्या रेडिओत 45 हा ट्रायोड आला. 250 व्होल्टवर साधारण 1.6 वॅट. 1933 मध्ये आरसीएने 2ए3 काढला : तेवढ्याच व्होल्टेजवर 60 मिलीॲम्पिअर आणि साडेतीन वॅट. आवाज सुंदर, पण स्वभाव राजेशाही. त्याचा प्रवर्धनांक फक्त 4.2. पूर्ण आवाज काढायचा तर ग्रिडवर 45 व्होल्टपर्यंत संदेश पोचवावा लागतो, म्हणजे मागे आणखी नोकरचाकर आले. दरम्यान फिलिप्समध्ये टेलेगेन यांनी 1926 ला पेंटोड शोधलेला होता. पुढच्या काळातला ईएल 84 घ्या. तो चार-साडेचार व्होल्टच्या संदेशात साडेपाच वॅटच्या वर देतो. ज्याला कारखान्यात हजारो रेडिओ बनवायचे आहेत तो काय निवडेल?

पेंटोडचं दुखणं वेगळं. त्याचा अंतर्गत रोध चाळीस हजार ओहमच्या जवळपास, तर 2ए3 चा फक्त आठशे. स्पीकरचा पडदा एकदा हलला की आपल्या मर्जीने थरथरत राहतो. कमी रोधाचा व्हॉल्व्ह त्याला आवरतो, पेंटोड सोडून देतो. ट्रायोडच्या आवाजातला जो 'ताबा' म्हणतात त्यातला बराच भाग एवढाच आहे.

मग 300बी कुठून आला? बोलपटातून. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, 1932 ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. जगभर थिएटरांना ॲम्प्लिफायर हवे होते. वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1933 ला 300ए आणि 1938 ला 300बी आणला. त्यांच्या 91ए या सिनेमाच्या ॲम्प्लिफायरमध्ये एकच 300ए, ताकद साधारण आठ वॅट. आठ वॅटवर अख्खं थिएटर!

यात जादू व्हॉल्व्हची नाही, कर्ण्याची आहे. हिशेब करू. आपला भोंगा, लग्नात आणि सभेत लागतो तो, एका वॅटला एक मीटरवर 105 डेसिबलच्या आसपास देतो. दोन वॅट दिले की 108. घरातला पुस्तकाच्या कपाटावर ठेवायचा छोटा स्पीकर एका वॅटला 87 देतो. त्याला 300बी चे पुरे आठ वॅट द्या, 96 होतात. म्हणजे लाखाचा व्हॉल्व्ह लावूनही भोंग्यासमोर 12 डेसिबलने हरलात. भोंग्यात खर्ज नाही, मान्य. सिनेमाचे कर्णे खोलीएवढे का असत, ते यावरून कळतं.

आपल्याकडे भोंग्याचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात मुंबईच्या शिकागो रेडिओचा आणि नानिक मोटवाने यांचा इतिहास. गांधीजींचा आवाज मुळात बारीक, आणि समोर लाखाची सभा. मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. 14 जुलै 1942 ला वर्ध्यात कार्यकारिणीने 'छोडो भारत'चा ठराव केला, तो मोजक्या लोकांत. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर त्याला सभेची जोड मिळाली, आणि असल्या सभेला माईक आणि भोंगे नसते तर मागच्या माणसाला काय कळणार होतं? अशा मोकळ्या मैदानात मात्र एका ट्रायोडचं काम नाही. तिथे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात, दोघांनी ओढायच्या करवतीसारखे. याला पुश-पुल म्हणतात. 1936 चा 6एल6 अशाच कामाचा.

घरच्या संगीतातही पुश-पुलच जिंकलं. 1947 ला विल्यमसन यांचा 15 वॅटचा आराखडा 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आला. दोन केटी66, ट्रायोड करून जोडलेले, आणि भरपूर निगेटिव्ह फीडबॅक. त्यानंतर सिंगल-एंडेड ट्रायोड मोडीत निघाला. जपानी हौशी मंडळींनी जुन्या सिनेमाच्या यंत्रांतून तो पुन्हा उभा केला, तिथून फ्रान्समार्गे जगभर गेला. वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1988 ला 300बी थांबवला होता, तो या मागणीमुळे परत काढावा लागला.

भारतात हे अमेरिकन ट्रायोड घरोघरी कधी पोचलेच नाहीत. आयातीवर बंधनं होती. 1954 ला बेंगळुरूजवळ जलहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली, आणि साठच्या दशकात तिचे व्हॉल्व्ह रेडिओत दिसू लागले. ते रेडिओला लागणारे, त्यात ईएल 84. म्हणून तुमच्या माळ्यावर जो जुना विजेवरचा रेडिओ पडलाय त्यात सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर आधीच आहे, फक्त पेंटोडचा. स्क्रीन ग्रिड सुमारे शंभर ओहमच्या रोधातून प्लेटला जोडली की तो ट्रायोड होतो. अंतर्गत रोध चाळीस हजारांवरून दोन हजारांच्या आसपास उतरतो, आणि ताकद उतरून दोन वॅटच्या जरा आत येते. विकृतीही त्या टोकाला बरीच असते, पण अर्ध्या वॅटवर ऐकलंत तर कमी.

माझा क्रम विचाराल तर आधी स्पीकर, 95 डेसिबलच्या पुढचा. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कारण सिंगल-एंडेडमध्ये त्यातून डीसी सतत वाहतो आणि गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून करून घेणार असाल तर ही फट आधी समजावून सांगा, नाहीतर तो पुश-पुलसारखा पत्रे एकाआड एक गुंफून देईल आणि खर्ज जाईल. व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. पैसे उरलेच तर 2ए3. 300बी मी तिसऱ्या ॲम्प्लिफायरला घेईन, पहिल्याला नाही.

हं, मागून भाऊंचा प्रश्न आहे, घरच्या रेडिओत यूएल 84 निघाला, तो चालेल का?

भाऊ, थांबा. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह एसी-डीसी संचातले. त्या रेडिओला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर पत्र्याला हात लावताच 230 व्होल्ट. व्हॉल्व्ह काढून ठेवा, वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर वापरता येईल, हीटरला 45 व्होल्ट लागतात तेवढं बघा. त्या चासीवर मात्र काही बांधू नका. आणि कुठल्याही संचात बंद केल्यावरसुद्धा मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात. ते रोधातून उतरवा, मीटरने तपासा, मगच हात घाला.