विज्ञानातील चित्रांची साक्ष



‘दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ असेही आपण तितक्याच सहजतेने म्हणतो. मग डोळ्यांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये? रोजच्या व्यवहारात हा प्रश्न आपण कसाबसा निभावून नेतो. विज्ञानाला मात्र तो टाळता येत नाही. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे पाहतो ते तुम्हांआम्हांला पाहता येत नाही. म्हणून आपला शोध शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करताना तो सोबत चित्र किंवा छायाचित्र देतो. ते चित्र शोभेसाठी नसते. ती त्याची साक्ष असते.

मी इतिहासाचा शिक्षक. ताम्रपट खरा की बनावट, बखरीतील हकीकत कितपत ग्राह्य, हे तपासल्याशिवाय इतिहासकार पुढे जात नाही. विज्ञानातील चित्रांनाही असाच इतिहास आहे आणि त्यातील काही प्रकरणे आपण सर्वांनी जाणून घ्यावीत अशी आहेत.

पहिले प्रकरण जर्मनीतील आहे. येना येथील अर्न्स्ट हेकेल हा प्राणिशास्त्रज्ञ डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा मोठा प्रचारक होता. इ. स. १८६८ मध्ये त्याने सर्वसामान्य वाचकांसाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांच्या गर्भांची तीन चित्रे शेजारी शेजारी छापली होती. या तिन्हींत काहीच फरक दिसत नाही, याकडे त्याने वाचकांचे लक्ष वेधले. फरक दिसणार तरी कसा? एकच ठसा तीन वेळा छापून त्याखाली तीन निरनिराळी नावे घातली होती! बाझल येथील लुडविग रुटिमायर या प्राणिशास्त्रज्ञाने ही गोष्ट उघडकीस आणली. पुढच्या आवृत्तीत हेकेलला तीनांच्या जागी एकच चित्र छापावे लागले.

तथापि प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. १८७४ मध्ये हेकेलने मासा, कासव, कोंबडी, डुक्कर, ससा, मनुष्य इत्यादींच्या गर्भांचा नवा चित्रपट छापला. विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने त्यावरही कठोर टीका केली. तरीही त्यावर आधारलेली चित्रे पुढे शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांतून छापली जात राहिली. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा हेकेलने किती ठिकाणी साम्य वाढवून आणि फरक झाकून दाखवले होते ते सर्वांसमोर आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्राण्यांच्या गर्भांत साम्य असते हे खोटे नाही आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त हेकेलच्या चित्रांवर उभा नाही. त्याला भक्कम असे इतर अनेक पुरावे आहेत. परंतु या चित्रांमुळे विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. खऱ्या बाजूने खोटा साक्षीदार उभा केला, तर खरी बाजूही संशयात सापडते. हेकेलच्या कथेचा हाच धडा आहे.

पुढे छायाचित्राचा जमाना आला. हाताने काढलेल्या चित्रात माणसाचे मन उतरते, कॅमेरा मात्र खोटे बोलत नाही, असा भरवसा लोकांना वाटू लागला. छायाचित्रातही फेरफार करता येत असे. पण त्याला कसब आणि वेळ लागे. १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ ही संगणकप्रणाली बाजारात आली आणि पूर्वी कसबी कारागिराला जमणारे काम कोणालाही करता येऊ लागले.

हा धोका लवकर ओळखणाऱ्यांत अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकाचे माइक रॉसनर हे होते. २००२ पासून त्यांनी स्वीकारलेल्या प्रत्येक लेखातील चित्रे छापण्यापूर्वी तपासण्याची पद्धत सुरू केली. तिचे नियम अगदी साधे आहेत. चित्रातील कोणताही एखादा भाग उठावदार करू नये, झाकू नये, हलवू नये, काढून टाकू नये, नवा घालू नये. उजेड कमीजास्त करायचा तर संपूर्ण चित्राचा करावा, आणि त्यामुळे काही लपता कामा नये. दोन वेगळी चित्रे जोडायची तर मध्ये स्पष्ट रेघ दाखवावी. तपासणीत असे दिसले की, सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लेखांत एखादे तरी चित्र पुन्हा तयार करावे लागे. त्यांतील बहुतेकांचा हेतू फसवण्याचा नव्हता. चित्र ‘छान’ दिसावे एवढाच होता. शंभरांत सुमारे एका लेखाचा निष्कर्षच बाधित होईल असा फेरफार आढळे आणि तो लेख नाकारला जाई.

हा फेरफार कोठवर जाऊ शकतो हे दक्षिण कोरियात दिसले. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या विख्यात नियतकालिकात जाहीर केले की, रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून आपण मूलपेशींचे ११ संच तयार केले आहेत. मज्जारज्जूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्यांना आशा वाटू लागली. ह्वांग राष्ट्राचे वीरपुरुष ठरले. त्यांच्या संशोधनाच्या गौरवार्थ टपालाचे तिकीटही निघाले. एका दूरदर्शन कार्यक्रमाने शंका काढली, तर लोकांचा रोष त्या कार्यक्रमावरच उसळला. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कोरियातीलच काही जाणकारांनी दाखवून दिले की, लेखातील वेगवेगळ्या म्हणून दिलेल्या पेशींची छायाचित्रे एकच आहेत. विद्यापीठाने चौकशी केली. ११ म्हणून दाखवलेली चित्रे दोनच संचांची निघाली, आणि तेही रुग्णांच्या पेशींपासून बनवलेले नव्हते. जानेवारी २००६ मध्ये ‘सायन्स’ने तो लेख आणि ह्वांग यांचा २००४ चा लेख, दोन्ही मागे घेतले. त्या रुग्णांच्या आशेची भरपाई मात्र कोणीच करू शकले नाही.

नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक यांनी तर ४० नियतकालिकांतील २०,६२१ लेखांची चित्रे केवळ नजरेने तपासली. २०१६ मध्ये त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : ३.८ टक्के लेखांत एकच चित्र अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेले होते, आणि त्यांतील निदान निम्म्या ठिकाणी ते मुद्दाम केल्याची चिन्हे होती. आता तर संगणक नुसत्या शब्दांवरून हवे ते चित्र रचून देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उंदराचे असेच एक रचलेले चित्र, अवयवांच्या अर्थहीन नावांसह, एका नियतकालिकात छापले गेले आणि काही दिवसांतच तो लेख मागे घ्यावा लागला.

पालक बंधुभगिनींनो, हे सारे परदेशातील मोठ्या लोकांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटत होते. तीन वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना मी नववीच्या प्रयोगाच्या तासाला बसलो होतो. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला होता. बहुतेक मुलांनी भिंगातून क्षणभर पाहिले आणि पुस्तकातील आकृती वहीत नीटनेटकी उतरवली. एका मुलीच्या आकृतीत मात्र पेशींच्या मध्येच दोन-तीन जाड काळी वर्तुळे होती. मी म्हणालो, “बाळ, हे काय? पुस्तकात असे काही नाही. खोडून टाक.” तिने मुकाट्याने खोडले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “सर, ते हवेचे बुडबुडे होते. वर्गात खरोखर पाहिले ते तिनेच.”

रॉसनर यांच्या नियमात ‘काढून टाकू नये’ हे शब्द मी पुढे वाचले, तेव्हा मला ती मुलगी आठवली. ज्या गोष्टीसाठी मोठमोठ्या संशोधकांचे लेख परत पाठवले जातात, तीच मी एका शिक्षकाच्या अधिकाराने तिला करायला लावली होती. मी तिची वर्गासमोर चूक कबूल केली आणि ती वर्तुळे तिला पुन्हा काढायला सांगितली.

विद्यार्थी मित्रांनो, आकृती सुबक नसली तरी चालेल. पाहिले तेच काढा. बुडबुडा दिसला तर बुडबुडा काढा आणि त्याखाली तसे लिहा. प्रयोग फसला तर फसला असे लिहा. आणि पालकहो, मुलाची वही पाहताना ‘किती छान काढलेस!’ म्हणण्याआधी ‘हे तू स्वतः पाहिलेस का?’ एवढे अवश्य विचारा. आपल्या मुलामुलींतून उद्या डॉक्टर आणि संशोधक व्हावेत अशी आपली सर्वांची इच्छा आहे. त्यांच्या साक्षीवर कोणाचा तरी औषधोपचार अवलंबून असेल. खरी साक्ष देण्याची सवय त्यांना नववीच्या वहीतच लागली पाहिजे.